कलेचा बाजार वडशातही भरतो!

कलेचा बाजार म्हटलं की आपल्याला मुंबई-न्यूयॉर्क आठवतं. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे 1954 सालचं चित्र सुमारे 118 कोटी रुपयांना विकलं गेलं. हुसेन पंढरपुरात जन्मलेले. 2011 मध्येच ते वारले. चित्र एकदा हातातून गेलं की पुढे वाढलेली किंमत बहुधा मालकाच्या खिशात जाते.

आता आपल्या भागाकडे बघा. झाडीपट्टी रंगभूमी हाही कलेचा बाजारच आहे. दंडारीसारख्या लोककलांच्या मातीत ती वाढली. धान घरी आलं, मंडई भरली, शंकरपट झाला की पाहुणे येतात आणि रात्री नाटक रंगतं. वडसा म्हणजे देसाईगंज इथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, रक्कम कबूल करतं आणि गावात तिकीट लावतं. समजा, 100 रुपयांची 500 तिकिटं गेली आणि खर्च 60,000 झाला, तर 10,000 चा तोटा मंडळाचा. चौथीला नफा-तोटा शिकवायला हेच उदाहरण घ्या ना!

चित्र वर्षानुवर्षं परत विकता येतं. नाटकाची प्रत्येक रात्र मात्र नव्याने विकावी लागते. हंगाम साधारण दिवाळी ते होळी. पुढे कलावंत शेतात किंवा दुसऱ्या कामाला.

मागे वर्गात एक पोरगा म्हणाला, “सर, मले नाटकात काम कराचं हाये.” बाकीची पोरं हसली. मला हसू आलं नाही. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी 2023 ची पद्मश्री मिळाली. पण प्रत्येकाला पद्मश्री मिळत नाही, हेही त्याला सांगायला हवं. म्हणून माझं मत असं : मुलाला हसू नका, भुलवूही नका. हंगाम किती महिन्यांचा, मानधन आधी लिहून का घ्यायचं, बाकीचे महिने कशावर काढायचे, हे सगळं त्याला समजावून सांगा. शाळा सोडू देऊ नका.

आणि आपण? ‘गुरुजी’ म्हणून आपल्यापैकी कितीतरी जण फुकट पासवर पहिल्या रांगेत बसतो. यंदा तिकीट काढून बसू या. कलेला दाद द्यायची तर सुरुवात तिथूनच!