भागीदार हवा, मालक नको!

सोलापुरात आमच्या वस्त्यांमधून आता संगणक शिकलेली पोरे पुढे येत आहेत. दिवसा नोकरी करायची आणि रात्री जागून स्वत:चा प्रोग्राम लिहायचा, हा त्यांचा उद्योग. टॉवेल-चादरीच्या कारखान्यातील मजुरी, सूत आणि तयार माल यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिहिलेला असाच एक तरुण आमच्याकडे आला. प्रोग्राम उत्तम चालत होता. पण कारखानदार त्याला दारात उभे करीत नव्हते. म्हणून बाजारात ऊठबस असलेला भागीदार त्याने घेतला. बँकेचे खाते भागीदाराच्या नावावर, गिऱ्हाईक भागीदाराच्या ओळखीचे, कागद मात्र एकही नाही. पैसा येऊ लागताच त्याला ऐकवण्यात आले, 'तू तर कामगार!'

यात नवल ते काय? बडोद्याची नोकरी सोडल्यानंतर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहाराचा सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे, हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. विद्वत्ता कमी पडली नव्हती; बाजाराचे दार जातीने बंद केले होते. आजही ते ओळखीनेच उघडते. म्हणूनच आमचा तरुण ओळखवाल्याला भागीदार नव्हे, मालक करून बसतो.

पण धंदा पाहणारा भागीदार पैसेवालाच असावा लागतो काय? पुण्याचे कैलास काटकर दहावी शिकलेले, कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे. धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला, कैलास यांनी धंदा सांभाळला. त्यातून उभी राहिलेली क्विक हील २०१६ साली शेअर बाजारात पोहोचली. गिऱ्हाइकाचे दुखणे ओळखणारा माणूस, हेच तेथील खरे भांडवल होते.

असा माणूस आमच्यात नाही? १४ एप्रिलची वर्गणी दारोदार फिरून जमवणारा, पै-पैचा हिशेब देणारा, पोलीस ठाण्यातून परवानगी आणणारा कार्यकर्ता. बचत गटाची वसुली चोख ठेवणारी ताई. विक्री, वसुली, वाटाघाटी यालाच तर धंदा म्हणतात! त्यांना आधी दोन पैसे देणारी गिऱ्हाईके आणू द्या, मग हिस्सा ठरवा.

मात्र 'आपलाच माणूस' म्हणून कागद टाळू नका. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वेगळे ठरले नसेल, तर नफा-तोटा समान वाटला जातो. फर्मची नोंदणी नसेल, तर करारातील येणे वसूल करण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. त्याचा हक्क लिहिणाऱ्याचा. सहीच्या लेखाशिवाय तो दुसऱ्याच्या नावे होत नाही. पण नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामवर, वेगळा करार नसल्यास, मालकाचा हक्क लागतो. तेव्हा नेमणुकीचे पत्र आधी वाचा.

त्या तरुणाने प्रोग्राम घरी, स्वत:च्या संगणकावर लिहिला आणि तारीखवार प्रती जपल्या. तोच आज त्याचा आधार आहे. इतरांनी ही वेळ येऊ देऊ नये. पहिले बिल फाडण्याआधी करारनामा करावा. लिहिणारा आणि विकणारा यांनी बरोबरीने सह्या केल्या, तरच ती भागीदारी. नाहीतर ती जुनीच वेठबिगारी!