पिशवीची आतली बाजू

पॉलिथिनचे थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात इरुकामाइडसारखी मेणचट द्रव्ये मिसळतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, आणि अन्न टेकते ते तिथेच. आपल्याकडच्या नियमांत काही धातूंना वेगळ्या मर्यादा आहेत. बाकी भर एकूण वजनावर. १०० चौरस सेंटिमीटर फिल्ममधून १० मिलिग्रॅमपर्यंत द्रव्य अन्नात उतरलेले चालते. ते कोणते, हे वजनकाटा कसे सांगणार?

आयनांचा झोत फिल्मवर मारला की वरच्या एक-दोन नॅनोमीटरमधल्या रेणूंचे तुकडे उडतात आणि त्यांच्या वस्तुमानावरून द्रव्य ओळखता येते. यंत्र महागडे, शिवाय नेमके प्रमाण सांगताना अडखळणारे. प्रत्येक पिशवी त्यात घालणे शक्य नाही. पण पुनर्वापराच्या प्लास्टिकची नवी फिल्म अन्नासाठी मंजूर करण्याआधी ही तपासणी सक्तीची हवी.