पाठीशी उभे राहा, पाठीशी घालू नका

तरणाताठा मुलगा पोलिसांनी उचलून नेला की त्या दिवशी घरची चूल पेटत नाही. बाप खाणीतील ड्युटी करून येतो आणि दारातच बसून राहतो. आई ठाण्याबाहेर डबा घेऊन उभी असते. शेजारी तोंडावर धीर देतात आणि पाठ फिरली की म्हणतात, "पोट्ट्याले वळणच नव्हते." आपल्या घुग्घुसला हे नवीन नाही. कोळशाच्या गावात पैसा येतो, त्याच्या मागून नशाही येते. त्यात १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, तिथे दारू उघड मिळायची. मग माल इकडे आणायला बेकार पोरेच पुढे केली गेली. मालक मागे राहिले, पोरे सापडली. २०२१ मध्ये बंदी उठली, पण अंगावरचा गुन्हा बंदीबरोबर उठत नाही.

अशा आईबापांना आम्ही आज एवढेच सांगू इच्छितो की, पाठीशी उभे राहणे वेगळे आणि पाठीशी घालणे वेगळे. खोटा साक्षीदार उभा करणे, फिर्यादीला धमकावणे, "आमचा मुलगा असा नाहीच" म्हणून डोळे मिटणे आणि "साहेबांना सांगून सोडवतो" म्हणणाऱ्या दलालाच्या हाती पोरीच्या लग्नाचा पैसा देणे, हे पाठीशी घालणे झाले. प्रत्येक पेशीला हजर राहणे, तुरुंगातील भेट न चुकवणे, वकिलाला खरे तेच सांगणे आणि मुलाला नशेचा किंवा मनाचा आजार असेल तर त्यावर उपचार करणे, हे पाठीशी उभे राहणे होय.

सुनील दत्त यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. मुलगा संजय अमली पदार्थांच्या आहारी गेला, तेव्हा बापाने त्याला उपचारासाठी अमेरिकेला नेले. पुढे एप्रिल १९९३ मध्ये बेकायदा हत्यार बाळगल्याच्या प्रकरणात त्याला अटक झाली. बाप त्या वेळी खासदार होता. तरी मुलगा तुरुंगात गेला आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये जामिनावर बाहेर आला. २००५ मध्ये सुनील दत्त वारले. निकाल त्यांना पाहता आला नाही. शस्त्र कायद्याखाली मुलगा दोषी ठरला, उरलेली शिक्षा भोगून फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवड्यातून सुटला. बापाची खासदारकी त्याची शिक्षा टाळू शकली नाही, पण बापाने मुलाची साथही सोडली नाही.

"ते मोठे लोक, आमच्याजवळ काय आहे?" असे कोणी विचारील. आपल्याजवळ संविधान आहे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत १५-अ हे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊ दिलाच पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेच पाहिजे. ठाण्यात गेल्यावर आवाज चढवू नका, पण हे तीन प्रश्न विचारायला भिऊ नका.

वकिलासाठी घर गहाण टाकण्याआधी चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय गाठा. १९८७ च्या कायद्याने कोठडीतील कोणालाही, तसेच अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

जमानतीची रक्कम झेपत नसेल तर गप्प बसू नका, वकिलाला ती कमी करण्याचा अर्ज करायला सांगा. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातील गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला. भाऊ जामीन राहायला आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो आदेश चुकीचा ठरवून एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्यास सांगितले. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असा आदेश २०२३ मध्ये याच न्यायालयाने दिला आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत आणखी एक सोय आहे. पहिलाच गुन्हा, त्याला फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नाही आणि दुसरा खटलाही चालू नाही, अशा कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. म्हणून अटकेची तारीख घरच्या वहीत लिहून ठेवा.

मुलगा आजारी असेल तर उपचाराचे कागद जपा आणि वकिलाला द्या. अमली पदार्थांच्या कायद्यात व्यसनी माणूस अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडला आणि स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार पूर्ण करीत असेल, तर त्याला खटल्यातून सवलत आहे. मनाच्या आजारासाठी १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने, दोषी ठरलेल्यालाही योग्य प्रकरणात चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते. २१ वर्षांखालील मुलाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर शक्यतो तुरुंगात पाठवू नये असे तो सांगतो. अशा वेळी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल येतो. मुलगा कोणत्या घरात परतणार, हे त्यात पाहिले जाते. तुमची साथ तिथे कागदावर उतरते.

आणि घरात आणखी लेकरे आहेत, हे विसरू नका. त्यांची फी आणि वह्या-पुस्तके थांबता कामा नयेत. एकाच्या खटल्यात साऱ्या घराने बुडावे, असा कुठलाही कायदा नाही. मुलगा कबूल करीत असेल तर त्याला शिव्या देऊ नका आणि त्याच्यासाठी खोटेही बोलू नका. "केलेस ते चूक, त्याचे फळ तुला भोगावे लागेल, पण तू आमचा आहेस," हे वाक्य तुरुंगाच्या जाळीतून ऐकू आले तर तो धीर धरील.

वस्तीलाही आमचे सांगणे आहे. ज्यांना कायद्याचे कागद वाचता येतात त्यांनी विहारात आठवड्यातून एक तास बसावे आणि वस्तीतल्या आईबापांना समन्स, तारीख, अर्ज समजावून सांगावे. त्या आईसोबत एका पेशीला चंद्रपूरला जाऊन या. तिला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, सोबत जाणारे पाहिजेत.