विमा वयाने महागत नाही, चुकलेल्या मुदतीने महागतो



आपल्या भोर-वेल्ह्याच्या गावोगाव आज एकच चित्र दिसते. मुलगा नोकरीसाठी पुण्याला आणि घरची गाडी साठी-सत्तरीतल्या वडिलांच्या हाती. दवाखान्यासाठी भोर, बाजारासाठी नसरापूर, लग्नकार्यासाठी वेल्हे, सगळीकडे तेच चालक. एसटीची एक फेरी हुकली की दुसरी कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा गाडी ही काही चैन राहिलेली नाही. पण या वडीलधाऱ्या मंडळींत एक समज घट्ट बसला आहे. "वय झालं की विमा महाग लागतो, तेव्हा आपला कमीत कमी विमा घ्यावा अन् गप्प बसावं." हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी घर अडचणीत येऊ शकते. म्हणून हे चार शब्द.

आधी दराचे पाहू. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई देणारा तो थर्ड पार्टी विमा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवते आणि मोटारीच्या बाबतीत तो इंजिनाच्या सीसीवर ठरतो. चालकाच्या वयाचा त्यात संबंधच नाही. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि १५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला ७१४ रुपये होते, वर १८ टक्के कर. पंचविशीतल्या पोराला जो दर, तोच पंच्याहत्तरीच्या आबांना. इंग्लंडात सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन नव्याने घ्यावे लागते आणि तिथल्या विमा कंपन्या वय पाहून हप्ता चढवतात. ती गोष्ट तिकडची, तिचे ओझे आपण कशाला वाहायचे?

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. त्याचा दर कंपनी ठरवते, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावा. तो मुख्यतः गाडीची किंमत, मॉडेल आणि गाडी किती जुनी यांवर अवलंबून असतो. सांभाळून चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांचा इथे फायदाच आहे. पाच वर्षे ओळीने दावा केला नाही तर नो क्लेम बोनस म्हणून या भागाच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. म्हणून दोन-तीन हजारांच्या पोच्यासाठी दावा करू नये, सूट हातची जाते. आणि विम्याची मुदत संपून ९० दिवस उलटले तर दावा न करताही ती सूट बुडते.

आता खरा धोका सांगतो. विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचे काही नाही. तुमच्या गाडीखाली कोणी दगावले आणि विमा नसला, तर न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती मालकाने द्यायची. नाही दिली तर कायद्यात सोय अशी आहे की ती रक्कम कलेक्टर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतो. महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. चार हजारांचा हप्ता वाचवायचा आणि जमीन पणाला लावायची, हा कुठला व्यवहार?

विमा असूनही हेच संकट ओढवू शकते, ते लायसनमुळे. वयाच्या ५५ नंतर लायसन एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळते आणि नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. लायसन संपलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालये देत आली आहेत. म्हणजे हप्ता भरूनही बोजा आपल्याच डोक्यावर.

तिसरी गोष्ट मागच्या सीटची. "गाडी बारा वर्षांची झाली, आता थर्ड पार्टीच पुरे," असे पुष्कळजण म्हणतात. पत्र्याचा हिशेब केला तर ते चुकीचेही नाही. पण नुसत्या थर्ड पार्टी विम्यात खासगी मोटारीत बसलेले आपले पाहुणे धरले जात नाहीत. कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात ते धरले जातात. बनेश्वरला निघालेल्या गाडीत मागे सून आणि नातवंडे बसलेली असतील, तर निर्णय पत्र्याकडे बघून करायचा की त्यांच्याकडे? थोडी जादा रक्कम भरून प्रवाशांचा अपघात विमाही जोडता येतो. मात्र स्वारगेटपर्यंत सीटा भरून भाडे घेतले, तर खासगी गाडीच्या विम्यावर भिस्त ठेवू नये.

चौथी गोष्ट नावाची. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा हा फक्त मालकाचा, आणि तोही त्याचे लायसन चालू असेल तर. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर मुलाला त्यातून काही मिळत नाही. त्याचा वेगळा अपघात विमा हवा. आणखी एक. मालक वारला तर त्याच्या नावचा विमा फार तर तीन महिने चालतो, आणि मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस. सातबाऱ्यावर वारसाची नोंद करायला आपण धावतो, गाडी मात्र वर्षानुवर्षे मयताच्या नावावर उभी. हे बंद झाले पाहिजे.

मग वय झालेल्याने गाडी सोडावी का? काही घरांत मुले सरळ किल्लीच काढून घेतात. आम्हाला ते पटत नाही. वयाचा आकडा बघून नव्हे, डोळ्याची आणि हातापायाची परीक्षा बघून ठरवावे. मोतीबिंदू असेल तर तो काढून घ्यावा, तोवर रात्रीची गाडी बंद. पावसाळ्यात वरंधा घाटाच्या वाटेला वडीलधाऱ्यांनी जाऊच नये. आणि इथे आपल्याही पदरचा दोष सांगितला पाहिजे. हंगामात रात्री उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी असते, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. समोरून येणाऱ्या दिव्यांनी दिपलेल्या डोळ्यांना ती दिसणार कशी? ज्या सभासदाची ट्रॉली, त्याने ती चमकपट्टी लावूनच रस्त्यावर काढावी.

आमची एक सूचना आहे. गळीत हंगाम संपला की भोर, नसरापूर आणि वेल्हे अशा तीन ठिकाणी एकेक दिवस गट ऑफिसात बैठक घ्यावी. नेत्रतपासणी तिथेच व्हावी आणि साठीवरच्या सभासदांची लायसन, आरसी बुक व विमा ही तीन कागदपत्रे जाणकाराने तपासून द्यावीत. मुले फोनवर विमा काढून देतात, पण त्यात काय घेतले अन् काय गाळले हे वडिलांना ठाऊक नसते. संस्था सभासदांची आहे, तर सभासदांच्या हातातले चाकही तिच्या काळजीचा विषय आहे.

उसाची नोंद वेळेवर केली नाही तर तोडणीचा क्रम हुकतो, हे आपण जाणतो. म्हणून नोंदीची तारीख कोणी चुकवत नाही. लायसनची आणि विम्याची तारीखही तशीच घरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा. हे पत्रक वाचून झाले की आधी ते दोन कागद काढून बघा.