चाहत्याला उत्तर हवे आहे

एखाद्या रॉक बँडचा नवा अल्बम प्रसिद्ध होतो, समीक्षक त्याला डोक्यावर घेतात किंवा पायदळी तुडवतात, आणि चाहते समीक्षकांवर तुटून पडतात. या वादाकडे आपले सिद्धान्तप्रेमी अभ्यासक ज्या कौतुकाने पाहतात, ते कौतुक प्रस्तुत लेखकाला संशयास्पद वाटते. त्यांचे प्रतिपादन आता परिचयाचे झाले आहे. अर्थ संहितेत नसतो, तो ग्रहण करणारा समूह घडवतो. चाहत्यांचा समूह आपल्या संकेतांनुसार अर्थ घडवतो, समीक्षकांचा समूह आपल्या. तेव्हा कोण बरोबर हा प्रश्नच गैरलागू. स्टॅन्ली फिश यांनी १९८० मधील आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडलेली अर्थनिर्णयक समूहांची कल्पना अशा वेळी हाताशी असतेच. वरवर पाहता ही भूमिका उदार, लोकशाहीवादी आणि चाहत्याच्या बाजूची दिसते. वस्तुतः ती चाहत्याचा अपमान करणारी आहे. कारण ‘माझ्या समूहात हा अल्बम चांगला ठरतो’ असे कोणताही चाहता म्हणत नाही. तो म्हणतो, ‘समीक्षकाचे चुकले आहे.’ हे विधान खरे असेल किंवा खोटे असेल. पण ते विधान आहे, लक्षण नव्हे. त्याला उत्तर देण्याऐवजी त्याची केवळ नोंद करणे म्हणजे बोलणाऱ्या माणसाची नाडी तपासत बसण्यासारखे आहे.

एक उदाहरण घेऊन बोलणे बरे. ऑक्सफर्डशरमधील ॲबिंग्डन येथे जमलेल्या रेडिओहेड या बँडने १९९७ मध्ये ‘ओके कॉम्प्युटर’ हा अल्बम काढला आणि गिटारप्रधान रॉकच्या श्रोत्यांनी त्यांना आपले मानले. त्यानंतर ऑक्टोबर २००० मध्ये ‘किड ए’ आला. त्यात गिटार मागे सरले होते. सिंथेसायझर, ओंद मार्तेनो हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले विद्युत्‌वाद्य, तुकडे करून पुन्हा जोडलेला गायकाचा आवाज, एका गाण्यात वाद्यवृंदातील तंतुवाद्ये, तर दुसऱ्यात पितळी वाद्यांचा कल्लोळ असा ऐवज होता. ‘इडिओटेक’ या गाण्यात तर पॉल लान्स्की यांच्या १९७३ मधील संगणकीय रचनेतील अंश घेतला होता. बँडने त्यातून एकही सिंगल काढले नाही. ‘मेलडी मेकर’ या जुन्या ब्रिटिश साप्ताहिकाने या अल्बमला पाचांपैकी दीड तारा दिला. ‘पिचफोर्क’ने दहापैकी दहा गुण दिले. श्रोत्यांनी तो ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेला. पुढे २००९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ आणि ‘पिचफोर्क’ या दोघांनीही त्याला त्या दशकातील सर्वश्रेष्ठ अल्बम ठरवले.

आता या वादात समूह कुठे आहेत ते दाखवावे. समीक्षक एकमेकांच्या विरोधात उभे होते. चाहतेही दुभंगले होते: ‘ओके कॉम्प्युटर’चा पुढचा भाग हवा असलेल्यांना हा विश्वासघात वाटला, इतरांना तोच बँडचा प्रामाणिकपणा वाटला. नाराज चाहता आणि दीड तारा देणारा समीक्षक एका बाजूला आले; भारावलेला चाहता आणि दहा गुण देणारा समीक्षक दुसऱ्या बाजूला. समूहांचा सिद्धान्त वाचवायचा तर प्रत्येक मतभेदागणिक समूहाचे तुकडे करत जावे लागते आणि शेवटी एकेका माणसाचा एकेक समूह उरतो. ज्या सिद्धान्ताला मतभेद दिसला की नवी कुंपणेच घालावी लागतात, तो मतभेदाचे स्पष्टीकरण देत नाही. त्याला केवळ नाव देतो.

चाहत्यांचे युक्तिवाद मात्र तपासण्याजोगे आहेत. पहिला युक्तिवाद असा की, समीक्षकाने पुरेसे ऐकलेले नाही. साप्ताहिकाच्या मुदतीत लिहिणारा माणूस जे ऐकतो ते आणि श्रोता वर्षभर ज्याच्यासोबत राहतो ते, एकच असते काय? दुसरा असा की, समीक्षकाने समोरचे काम न पाहता मागचे काम शोधले. तिसरा असा की, एवढ्या लोकांनी विकत घेतले, ते सगळे मूर्ख काय? यांपैकी पहिले दोन युक्तिवाद सबळ आहेत. तिसरा पोकळ आहे, आणि चाहत्याच्या तोंडावर तसे सांगणे हाच त्याचा खरा मान राखणे होय.

तिसऱ्या युक्तिवादाचे काय होते हे ओॲसिस या बँडच्या ‘बी हिअर नाऊ’ने दाखवून दिले आहे. २१ ऑगस्ट १९९७ रोजी निघालेल्या या अल्बमच्या ब्रिटनमध्ये पहिल्या तीनच दिवसांत सुमारे सात लाख प्रती खपल्या. समीक्षकांनीही हात आखडता घेतला नव्हता. कौतुकाचा पूर आला होता. चाहते आणि समीक्षक यांचे असे एकमत क्वचितच होते. पुढे ते दोन्ही बाजूंनी ओसरले. खुद्द नोएल गॅलाघर यांनी या अल्बमविषयी कठोर शब्द काढले, आणि २००६ च्या ‘स्टॉप द क्लॉक्स’ या निवडक गाण्यांच्या संग्रहात त्यातले एकही गाणे आले नाही. म्हणजे संख्या चुकू शकते, तारे चुकू शकतात, दोन्ही एकाच वेळी चुकू शकतात. ‘चुकणे’ हा शब्द येथे आपण सहज वापरतो. समूहवाद्याला मात्र तो वापरता येत नाही. ऐकणाऱ्यांची मते बदलली याहून अधिक काही म्हणण्याची सोय त्याने स्वतःला ठेवलेलीच नाही.

पहिला युक्तिवाद सबळ का, याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांत ‘प्रतीत्युपायवैकल्य’ आहे, म्हणजे प्रतीतीच्या साधनांचीच उणीव. आणि ‘निजसुखादिविवशीभाव’ आहे, म्हणजे स्वतःच्या सुखदुःखांनी ग्रासलेले असणे. त्यांच्यासमोर नाट्य होते, ध्वनिमुद्रित संगीत नव्हे, हे मान्य. तरीही मुदतीच्या घाईत एकदोनदा ऐकून निवाडा देणारा समीक्षक पहिल्या विघ्नाने बाधित आहे, आणि आपल्या तारुण्यातल्या एका विशिष्ट वर्षाशी त्या बँडचा आवाज बांधून बसलेला चाहता दुसऱ्या विघ्नाने, असे म्हणण्यात ओढाताण नाही. मुद्दा असा की विघ्न म्हटले की ते दूर होऊ शकते हे गृहीत धरले जाते. समूह म्हटला की माणूस त्यात कायमचा बंदिस्त होतो. सहृदयता ही जात नव्हे, साधना आहे. आणि साधनेत चाहता समीक्षकाच्या पुढेही असू शकतो.

निक हॉर्नबी या कादंबरीकाराने २००० मध्येच ‘न्यूयॉर्कर’मध्ये ‘किड ए’वर लिहिताना याच साधनेविरुद्ध तक्रार केली होती. त्याचा आशय असा, की असे संगीत चिकाटी आणि निष्ठा मागते, आणि नोकरीधंद्याला लागलेल्या प्रौढ माणसाकडे ती उरत नाही. ही तक्रार प्रामाणिक आहे, म्हणून तिला उत्तरही हवे. श्रोत्याला वेळ नाही हा श्रोत्याविषयीचा निष्कर्ष झाला. त्यावरून कृतीविषयी काहीच सिद्ध होत नाही. १९४७ मध्ये मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ आल्यानंतर दुर्बोधतेचा जो आरोप मराठीत गाजला, त्यातही वाचकाची अडचण कवितेच्या खात्यावर मांडण्याचीच चूक होती. अर्थात, याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. कठीण आहे म्हणून थोर आहे, असे मानणारा भक्तही तीच चूक उलट्या दिशेने करतो. ‘तुम्हाला कळले नाही’ हे वाक्य काय कळायचे राहिले ते सांगत नाही, तोवर ते युक्तिवाद नसून दार लावून घेणे असते.

येथे समीक्षकांचा हिशेबही चुकता करायला हवा. रॉबर्ट क्रिस्टगाउ यांनी १९६९ मध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये अल्बमना श्रेणी देणारे सदर सुरू केले, त्याचे नावच ‘कन्झ्युमर गाइड’ होते. ग्राहकाने पैसे घालवावेत की नाही, एवढाच प्रश्न असेल तर श्रेणी पुरेशी आहे. परंतु तारा हा निष्कर्ष असतो, आणि निष्कर्षाशी वाद घालता येत नाही. वाद आधारविधानांशी घालता येतो. समीक्षकाने तारे दिले की चाहत्याच्या हाती तारे मोजण्याखेरीज काही उरत नाही. मग तोही विक्रीचे आकडे मोजतो. चाहत्याला मोजायला शिकवले ते समीक्षकाने. ‘मेलडी मेकर’च्या त्या समीक्षकाने दहा वर्षांनी, २०१० मध्ये, ‘गार्डियन’मध्ये या अल्बमविषयी पुन्हा लिहिले, तेव्हा आपण चुकीचे नसलो तरी फारच अल्पमतात ठरलो अशा आशयाची कबुली दिली. अल्पमतात ठरणे हा समीक्षकाचा पराभव कधीपासून झाला? तुकडे केलेला तो आवाज रचनेत काय करतो, काय करायला कमी पडतो, हे त्याने दाखवले असेल तर तो एकटाही पुरेसा आहे; आणि दाखवले नसेल तर बहुमतही त्याला वाचवू शकले नसते.

यावर आक्षेप येईल की, ‘बरोबर’ आणि ‘चूक’ यांची भाषा परत आणणे म्हणजे प्रस्थापितांची सत्ता परत आणणे होय. आक्षेप उलटा आहे. कारणे मागण्याचा अधिकार सत्ताहीनालाच अधिक लागतो. सत्तावंताचे कारणांवाचून भागते. सगळेच आपापल्या जागी बरोबर असतील, तर ज्याच्या हाती छापण्याची जागा आहे त्याला उत्तर देण्याची गरजच उरत नाही, आणि समीक्षकाला पत्र लिहिणारा तो संतापलेला चाहता शोधनिबंधातले एक उदाहरण होऊन राहतो.

त्याने पत्र आपल्याला अभ्यासायला लिहिलेले नसते. त्याने प्रश्न विचारलेला असतो: तुम्ही असे कशावरून म्हणता? समीक्षेचा आरंभ याच प्रश्नातून होतो. तो विचारणारा चाहता आपल्या शास्त्राच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्याला आत घ्यायचे तर त्याचे पाय धुण्याची गरज नाही, त्याच्याशी भांडण्याची आहे.