पाडव्यापर्यंत लेखी उत्तर द्या

भोर आणि वेल्हे तालुक्यांत मतं मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला, इथून निवडून गेलेल्या प्रत्येकाला आणि चेलाडी फाट्यापासून भोरच्या एसटी स्टँडपर्यंत वाढदिवसाचे फ्लेक्स लावणाऱ्या प्रत्येक इच्छुकाला हा जाहीर इशारा आहे. आमच्या मागण्या पुढे लिहिल्या आहेत. येत्या दिवाळी पाडव्याला, वहीपूजनाच्या मुहूर्तापर्यंत, त्यांचं लेखी उत्तर आलं नाही तर आमची मतं विसरा.

आम्ही कोण ते आधी ऐका. एकादशी धरणारी, जत्रेची वर्गणी मागायला कुणाला दारात उभं न करणारी, सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर फेडणारी माणसं आहोत. आम्ही मोर्चे काढत नाही, एसटीच्या काचा फोडत नाही. म्हणूनच तुम्ही आम्हाला गृहीत धरलंत. पक्ष फुटले, चिन्हं बदलली, कालचे वैरी आज एका गाडीतून फिरू लागले. आम्ही गप्प राहिलो. 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, पुढे वर्षानुवर्षं प्रशासकानं कारभार हाकला. तेव्हाही गप्प राहिलो. आता तुम्ही आमच्या घरातल्या पैशाला हात घातला आहे. इथून पुढे गप्प राहणार नाही.

वेल्हे तालुक्याला राजगडाचं नाव दिलंत, आम्हाला आनंदच झाला. मग राजगडाच्या धन्याचा पैशाबाबतचा दंडकही समजून घ्या. 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. कंपनीचं नाणं स्वराज्यात चालावं, असं एक कलम त्यानं तहात घातलं होतं. त्यावर महाराजांचं म्हणणं असं पडलं की, कुठलंही नाणं चालायला आपली मनाई नाही, पण ज्यात रयतेला तोटा आहे ते नाणं घेण्याची सक्ती आपण तिच्यावर करू शकत नाही. कंपनीचं नाणं कसाला आणि वजनाला इतरांच्या तोडीचं असेल तर खुशाल चालू दे. ही हकीकत खुद्द इंग्रजांच्या दप्तरात नोंदलेली आहे. छत्र धारण करणारा राजा, आणि रयतेच्या पदरात हलकं नाणं टाकणं त्याला आपल्या अधिकारात बसत नाही असं वाटलं! तुमच्या व्यासपीठावर त्यांचा पुतळा असतो, जयजयकार असतो. हा दंडक मात्र आम्ही तुमच्या तोंडून एकदाही ऐकला नाही.

इकडच्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाला बटव्यातून चांदीचे रुपये निघतात. 1918 सालचा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. वजन एक तोळा, बारा भागांत अकरा भाग चांदी. त्याच्या शेजारी 1940 नंतरचा ठेवा. महायुद्धाच्या काळात इंग्रजानं चांदी निम्म्यावर आणली. मग 1947 चा, मागच्या बाजूला वाघ असलेला. त्यात चांदी औषधालाही नाही, नुसतं निकेल. तिन्ही फरशीवर टाकून बघा, डोळे मिटूनही फरक कळतो. तिन्हींची किंमत मात्र तीच, एक रुपया. पहिल्यातल्या चांदीचे सराफ आज हजाराच्या वर पैसे देईल. शेवटच्याचा चहासुद्धा येणार नाही.

इंग्रज गेला, खोड राहिली. 1955 पासून 1997 पर्यंत केंद्राची तिजोरी रिकामी पडली की रिझर्व्ह बँक सरकारी हुंड्या घेऊन आपोआप नवा पैसा पुरवत होती. त्याच 1955 मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी नेमलेल्या अर्थतज्ज्ञांत एकट्या प्रा. बी. आर. शेणॉय यांनी तुटीच्या अर्थकारणाविरुद्ध भिन्नमतपत्रिका लिहून धोका सांगितला होता. कुणी ऐकलं नाही. 6 जून 1966 रोजी, राज्याभिषेकाच्याच तारखेला, रुपयाचं अवमूल्यन झालं आणि 4.76 रुपयांचा डॉलर 7.50 ला गेला. डिसेंबर 2025 मध्ये त्यानं नव्वदी ओलांडली.

डॉलरशी आमचा काय संबंध, असं म्हणू नका. आमचा संबंध जमिनीतून येतो. भाटघर धरण 1928 मध्ये पुरं झालं. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी. पुण्याला पाणी मिळालं, खालच्या अंगाला उसाला पाणी मिळालं. आमची भाताची खाचरं बुडाली, गावठाणं बुडाली, देवळं बुडाली. सरकारनं घेतली ती जमीन, आणि दिले ते रुपये. तेही एकदम नाही. हेलपाटे घालायला लावून, हप्त्याहप्त्यानं. निवाड्यावरचा आकडा तोच राहिला आणि पैसा हातात पडेपर्यंत बाजार पुढे निघून गेला. ज्याला त्या रकमेत दुसरीकडे तेवढंच रान घेता आलं असतं, त्याच्या हातात शेवटी घराची कौलं बदलण्यापुरते पैसे उरले. व्याज दिलं, मावेजा वाढवून दिला, असं अधिकारी सांगतील. ज्याची आजी पाण्याखाली गेलेल्या गावाचं नाव अजून आडनावासारखं सांगते, त्याला जाऊन सांगा.

आजही तेच चाललंय, फक्त धरणाऐवजी फार्महाऊस आलं. शहरातला पैसेवाला बँकेत पैसा ठेवत नाही, कारण तो झिजतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो आमच्या डोंगरउतारावर गुंठे घेतो. आमचा पोरगा बापाची जमीन विकून जी रक्कम आणतो ती मुदतठेवीत ठेवतो, गाडी घेतो, बहिणीचं लग्न लावतो. दहा वर्षांनी एकाकडे जमीन असते आणि दुसरा त्याच जमिनीच्या गेटवर वॉचमन असतो. यात आळस नाही, व्यसन नाही. आमच्या पोराचा गुन्हा एवढाच की त्यानं सरकारी रुपयावर विश्वास ठेवला.

विश्वासाचं फळ आम्हाला याआधीही मिळालं आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि सहा दिवसांत जिल्हा बँकांना त्या घ्यायला बंदी झाली. ज्याचं खातं फक्त सोसायटीत आणि जिल्हा बँकेत, त्या वेल्ह्याच्या डोंगरातल्या शेतकऱ्यानं भात झोडायचं सोडून कुठे रांग लावायची होती? नंतर रिझर्व्ह बँकेनंच सांगितलं की रद्द नोटांपैकी 99 टक्क्यांहून जास्त परत आल्या. काळा पैसा कुठे गेला, याचं उत्तर आम्ही अजून मागतो आहोत.

ऑगस्ट 2024 पासून लाडक्या बहिणींच्या खात्यात महिना 1500 रुपये येऊ लागले. विधानसभेच्या प्रचारात 2100 चा शब्द दिला गेला. आमच्या आयाबहिणींना यावरून कुणी बोल लावायचं कारण नाही; त्यांनी हात पसरले नव्हते. पण राज्यावरचं कर्ज 2025-26 च्या अर्थसंकल्पात नऊ लाख कोटींच्या पुढे दाखवलं आहे, आणि ते फेडणारी हीच घरं आहेत. रिझर्व्ह बँकेला 4 टक्के महागाईचं लक्ष्य दिलं आहे. ते तंतोतंत साधलं, तरी अठरा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. म्हणजे तुम्ही पूर्ण यशस्वी झालात तरी आज जन्मलेल्या मुलीच्या नावावर ठेवलेला पैसा तिच्या लग्नापर्यंत अर्धा झालेला असणार. एका हातानं बहिणीच्या ओंजळीत टाकायचं आणि दुसऱ्या हातानं तिच्या किराण्यातून काढून घ्यायचं, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

उद्यापासून सोन्याची नाणी पाडा, असं आम्ही म्हणत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि दोन वर्षांनी रॉयल कमिशनपुढे साक्षही दिली. त्यांचा रोख चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर होता. ही मर्जी कायद्यानं बांधल्याशिवाय रुपयाची किंमत टिकणार नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी बजावलं. ती मर्यादाच आम्ही मागतो आहोत.

खासदारांनी द्यायचं उत्तर असं: 2022 मध्ये सलग तीन तिमाह्या महागाई सहा टक्क्यांच्या वर राहिली, तेव्हा कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेनं सरकारला कारणं सांगणारं पत्र लिहिलं. ते जनतेसमोर आणलं गेलं नाही. पैसा आमचा झिजला आणि कारण मात्र आमच्यापासून लपवलं. ते पत्र सभागृहाच्या पटलावर ठेवा, अशी मागणी तुम्ही लोकसभेत कोणत्या अधिवेशनात करणार, ते लिहून द्या.

आमदारांनी द्यायचं: घटनेच्या कलम 293 नं राज्याच्या कर्जावर कायद्यानं मर्यादा घालण्याचा अधिकार विधिमंडळाला दिला आहे. ती मर्यादा टक्क्यांच्या पळवाटा न ठेवता ठोस रुपयांत घालायला तुम्ही उभे राहणार का? आणि पैसा कुठून येणार हे सांगितल्याशिवाय नव्या योजनेच्या बाजूनं हात वर करणार नाही, असा शब्द देणार का? हो किंवा नाही. तिसरं उत्तर आम्ही घेणार नाही.

आणि दोघांनी मिळून: इथून पुढे आमची जमीन घ्यायची तर जमिनीच्या बदल्यात जमीन, ते शक्य नसेल तिथे मोबदला पैसा हातात पडेल त्या दिवसाच्या भावानं. धरणग्रस्तांचे जे दावे अजून लोंबकळत आहेत त्यांनाही हाच नियम.

आम्ही दगड उचलणार नाही, वरंध घाट अडवणार नाही. पण उत्तर न देणाऱ्याच्या सभेला आमच्यातलं एक माणूस फिरकणार नाही. त्याच्या गाडीतून कुणी मतदानाला जाणार नाही. आदल्या रात्रीचं पाकीट घेतलं जाणार नाही, आणि दारात ठेवून गेलात तर ते पोलीस ठाण्यात जमा होईल. 2013 पासून यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आहे. ते दाबायला आम्ही म्हाताऱ्याकोताऱ्यांना डोलीत घालून आणू.

उत्तर तुमच्या सहीनं, तारीख घालून, गावच्या ग्रामपंचायतीत पोच घेऊन द्या. कार्यकर्त्याच्या तोंडचा निरोप, फोनवरचं आश्वासन चालणार नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज आहे. माहेरी आलेल्या लेकींसमोर त्या दिवशी देवळात दोन याद्या वाचल्या जातील, उत्तर दिलेल्यांची आणि न दिलेल्यांची, आणि त्या मतदानाच्या दिवसापर्यंत भिंतीवरून निघणार नाहीत.