मुंगूस विलायतेला गेले, पायली कुठे गेली?

इंग्रजीच्या तासाला ‘मंगूस’ हा शब्द आला की आपण त्याचे स्पेलिंग घोकत बसतो. पण तो शब्द आपलाच आहे! मराठीतले मुंगूस गोऱ्या लोकांनी ऐकले आणि आपल्या भाषेत नेले. स्पेलिंगच्या शेवटी ‘गूस’ दिसतो खरा, पण हंसाबिंसाशी त्याचे काही नाते नाही. म्हणून तर पुष्कळ झाले तरी ‘मंगीस’ होत नाही, ‘मंगूसेस’च होते.

‘डंगरी’ हे नाव मुंबईच्या डोंगरी भागावरून पडले. आधी ते जाड्याभरड्या सुती कापडाचे नाव होते, मग त्या कापडाच्या कामगारी विजारीचे झाले.

सगळ्यात गंमत ‘कँडी’ची. इंग्रजीत दोन कँडी आहेत आणि दोन्ही इकडच्याच. एक खायची. ती संस्कृत ‘खंड’ म्हणजे साखरेच्या खड्यावरून फारसी-अरबीतून फिरत फिरत तिकडे पोचली. दुसरी वजनाची, ती म्हणजे आपली खंडी. वीस मणांची एक खंडी. कापसाच्या व्यापारात आजही ३५६ किलोच्या ‘कँडी’वर भाव बोलतात. असे हिंदुस्थानी शब्द इंग्रजीत इतके शिरले, की यूल आणि बर्नेल या दोघांनी केलेला त्यांचा एक जाडजूड कोश १८८६ साली छापला गेला. त्याचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’.

आता माझे म्हणणे ऐका. त्यांनी आपले शब्द घ्यायला लाज धरली नाही, मग आपणच आपले शब्द बोलायला का लाजतो? चार शेरांची पायली, तिची निम्मी अधोली, अर्ध्या शेराचे मापटे. १९५८ पासून किलो आणि लिटर येऊ लागले, ते चांगलेच झाले, हिशोब सोपा झाला. पण ‘असे पायलीला पन्नास मिळतात’ असे आपण अजून म्हणतो आणि पायली केवढी विचारले की एकमेकांच्या तोंडाकडे बघतो!

कोणी म्हणेल, जुने शब्द परीक्षेत येत नाहीत. नसतील येत. पण आपल्या येवल्यात पैठणीच्या मागावर धोटा, ताणा, बाणा, कांडी हे शब्द रोज चालतात. माग चालवणाऱ्याच्या घरातल्या मुलालाच ते आले नाहीत, तर ते कोणाला येणार? इंग्रजी आपण शिकूच, पण त्यासाठी धोटा विसरायची काही गरज नाही.

या लेखाखाली एक कोरा कागद चिकटवला आहे. पालकांनी आपल्या शेतातला, मागावरचा किंवा चुलीजवळचा एकेक शब्द अर्थासकट त्यावर लिहावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नुसते सांगावे, आम्ही लिहून घेऊ. पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे.